राउशानची मान

पडद्यावर उतारावरून खाली येणारी बाई म्हणजे आपणच, हे राउशानला टोपीवरून कळलं. टोपी तिची होती, लाल, एका कानावर जरा वर चढलेली. बाकी सगळं परक्याचं वाटत होतं. आपण पाय इतके फाकवून उभ्या राहतो? आपले हात असे पुढे, चहाचा ट्रे धरल्यासारखे असतात? खोलीत ओल्या लोकरीचा आणि बुटांच्या आतल्या कापडाचा वास कोंदला होता. वर्षभर दुसऱ्यांना स्की शिकवणारी माणसं आठवडाभरासाठी स्वतः विद्यार्थी होऊन बाकांवर दाटीवाटीने बसली होती आणि एकमेकांच्या चुका पडद्यावर बघून शाळकरी पोरांसारखी फिदीफिदी हसत होती. त्यांना शिकवणारा म्हातारा पाक-आगा मात्र हसत नव्हता. त्याने बटण दाबलं, बाई मागे मागे वर गेली, पुन्हा खाली आली. "डावीकडचं वळण बघा," तो म्हणाला. "गुडघा छान. स्कीची धार छान. मला हिचं हे वळण कापून भिंतीवर लावावंसं वाटतं. आता उजवीकडचं." बाई उजवीकडे वळली आणि वळण संपता संपता तिने उजव्या खांद्यावरून मागे, वर, डोंगराकडे पाहिलं. पाक-आगाने तिला तिथेच थांबवली. "राउशान, मागे कोण आहे?" मागे कोणी नव्हतं. पांढरा उतार होता, एक झेंडा होता. "कोणी नाही," राउशान म्हणाली. "मग कोणाला बघतेस?" कोपऱ्यातून येरनार, मावशी म्हणावं तशा सुरात, म्हणाला, "ताते, पोलीस मागे लागले होते का?" आणि खोली खिंकाळली. राउशानही हसली, सगळ्यांच्या वर आवाज काढून हसली, पण तिच्या मानेच्या मागे, केसांच्या मुळाशी, कुणीतरी थंड बोट ठेवल्यासारखं झालं. पाक-आगाने पुढचं वळण दाखवलं, त्याच्या पुढचं. डावीकडे सरळ. उजवीकडे मान मागे. डावीकडे सरळ. उजवीकडे मान मागे. खालपर्यंत एकही चुकलं नव्हतं.

"मान वळली की खांदा वळतो," पाक-आगा सगळ्यांना सांगत होता, पण बोलत होता तिच्याशीच. "खांदा वळला की कंबर. आणि कंबर वळली की बाहेरची स्की पोरकी होते, बर्फ सोडून देते. हा रोग खेळाडूंना होत नाही, पर्यटकांना होत नाही. फक्त मास्तरांना होतो. सगळ्यांना थोडाथोडा असतोच. हिचा जुना आहे." आणि मग, दिवा लावून, चष्मा पुसत, "चार दिवसांत जायला हवा. परीक्षेत उतार मोकळा असतो, मागे कोणी नसतं. परीक्षक पुढे असतो, खाली." ही परीक्षा म्हणजे सगळ्यात वरची पायरी. ती चढलं की पुढच्या हिवाळ्यापासून शिकवणाऱ्यांनाच शिकवायचं, वरच्या लांब उतारांवर. नाही चढलं तर खाली, नवशिक्यांना वर नेणाऱ्या चालत्या पट्ट्याजवळ, लहान मुलांची नाकं पुसत, बुटांचे पट्टे आवळत, आणखी एक हिवाळा, आणखी एक. असा वर्ग पुन्हा केव्हा भरेल कुणी सांगावं. मागचा भरला तेव्हा लेक अलुआ शाळेत होती. आणि राउशानच्या स्की-तळावर जागा एकच होती, त्या जागेवर येरनारचाही डोळा होता, आणि येरनारची मान तिशीही न ओलांडलेल्या माणसाची होती, नळासारखी सरळ. राउशानला ती जागा हवी होती. हे ती कुणाला बोलली नव्हती, पण हवी होती, दात दुखावा तसं हवेपण दुखत होतं.

बस डोंगरावरून शहरात उतरायला लागली तेव्हा ती खिडकीशी बसली होती आणि तिच्या अंगात एक विचित्र उकळी होती. अपमान वाटायला हवा होता. वाटतही होता थोडा. पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी सळसळत होतं, शाळेत नवीन वही उघडताना व्हायचं तसं. इतक्या वर्षांत तिच्याबद्दल कुणी काही नवं सांगितलं नव्हतं. नवऱ्याने तिला सोडून दूर कारागांदाला जाताना जे सांगितलं ते तिला आधीच माहीत होतं. तळावरचे साहेब दर वसंतात एकच वाक्य म्हणत, राउशान तू आमचा आधार आहेस, आणि आधाराला कुणी न्याहाळून बघत नाही. आज एका म्हाताऱ्याने तिला थांबवून, मागे घेऊन, पुन्हा चालवून बघितलं होतं. सफेदाची उघडी झाडं वर जात होती, खाली शहरावर धुराची राखाडी साय होती आणि तिच्यात बस हळूहळू बुडत होती, आणि राउशान मनातल्या मनात वळणं घेत होती. डावीकडे. उजवीकडे, मान सरळ. डावीकडे. उजवीकडे, आणि मनातसुद्धा मान वळली! ती दचकून हसली. शेजारच्या बाईने पिशवी मांडीवर ओढून घेतली. आपल्या थांब्यावर राउशान उतरली, फुटपाथवर उभी राहिली आणि वळून बसच्या दाराकडे बघत राहिली. सगळे उतरले का? कोण सगळे? दार मिटलं, बस गेली. पलीकडे दुकानाच्या पायऱ्या चढताना तिने स्वतःला पुन्हा पकडलं, वरच्या पायरीवर, उजव्या खांद्यावरून. पाव घेताना पकडलं. रस्ता ओलांडताना तर दोनदा. हा काय प्रकार आहे, ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली. जित्याची खोड, दुसरं काय. पण खोड असली तरी ती कधी लागली, कुणासाठी लागली, हे ठाऊक असायला हवं ना माणसाला? आपलंच डोकं आपल्याला न विचारता फिरतं म्हणजे कमालच झाली.

घरी अलुआ लगमानचा, शेवयांवर ओतायचा, रस्सा ढवळत होती. तीही याच वर्गाला होती, दुसऱ्या खोलीत, स्नोबोर्डवाल्यांच्या खालच्या पायरीला. गेल्या हिवाळ्यापासून ती शिकवायला लागली होती आणि आईपेक्षा आपण निराळ्या जातीचे आहोत हे दाखवायला एका फळीवर उभी राहत होती. "आपा, ऐकलं मी," ती पळी न थांबवता म्हणाली. आईला ती आपाच म्हणे. "येरनारने सगळ्या तळाला सांगितलं. तुझ्यामागे पोलीस आहेत म्हणे." "तू नको बोलूस. बस खाली." "मी काय खोटं बोलते? तू जिन्यातसुद्धा मागे बघतेस. शाळेत माझ्या मैत्रिणी विचारायच्या, तुझ्या आपाला कुणी छळतंय का गं? मी म्हणायचे, नाही गं, ती आम्हाला मोजते." राउशान खाता खाता थांबली. "मोजते?" "मग काय करतेस?" अलुआने तिच्या ताटलीत आणखी शेवया ओतल्या. "एक, दोन, तीन, चार, अलुआ. मी कायम शेवटी असायचे. आठवत नाही तुला?" राउशानला भूक लागली होती, तरण्याताठ्या पोरीसारखी. तिने तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि अलुआ आश्चर्याने तिच्याकडे बघत राहिली.

आठवत होतं. न आठवायला काय झालं? नवरा सोडून गेला तो हिवाळा. बालवाडीला गरम पाण्याचे नळ फुटल्याने सुट्टी, घरी बघायला कुणी नाही, म्हणून पाच वर्षांच्या पोरीला तिने रांगेत शेवटी लावलं होतं, पैसे भरून आलेल्या मुलांच्या मागे, साहेबांच्या नजरेला फार येणार नाही अशी. पोरीला कुणीतरी वापरून टाकलेल्या स्की होत्या, एक जरा लांब, एक आखूड. आणि प्रत्येक वळणाला मागून तो आवाज यायचा, "आपा, बघ ना! आपा, बघ ना!" काय बघायचं असायचं? नांगर धरलेला असायचा, स्कीची टोकं जुळवून वेग आवरायचा, तोही वाकडा. पण बघावं लागायचं, कारण बघितलं नाही तर पोर थांबून बसायची आणि बघितलं की तिचा चेहरा असा काही उजळायचा की त्या उजेडात पुढचं वळण आपोआप व्हायचं. उजवीकडच्या वळणालाच का? कारण त्या पहिल्या उताराला डावीकडे झाडी होती, झाडीमुळे दिसायचं नाही, उजवीकडे गेलं की अख्खी रांग दिसायची. इतकं साधं होतं. झाडी नंतर तोडली. उतारही बदलला, पट्टा आला, तळ बदलला, रांगेतली मुलं मोठी होऊन स्वतःची मुलं घेऊन आली. मान आपली त्या तोडलेल्या झाडीला धरून राहिली. राउशानला एकदम गंमत वाटली, आणि गमतीच्या मागोमाग हात आपसूक मानेवर गेला. हे सगळं तिच्या मानेने सांभाळून ठेवलं होतं, आणि तिला पत्ताही नव्हता.

त्याच्याही आधीची एक राउशान होती. ती आठवायची म्हणजे खूप खाली उतरावं लागायचं. क्रीडाशाळेतली, सोळा वर्षांची, वेणी बर्फाने कडक झालेली. शर्यतीत उतारावर माणूस एकटा असतो. मागचा अजून वर सुटायच्या फाटकात पाय आपटत असतो, पुढचा कधीच खाली पोचलेला असतो. त्या एकटेपणाची एक चव होती, लोखंडासारखी, जिभेच्या टोकावर. कानात वारा शिट्टी घालायचा आणि डोक्यात एकही वाक्य नसायचं. मग गुडघा, मग लग्न, मग अलुआ, मग पट्टा. ती चव गेली याचं तिला कधी वाईटही वाटलं नव्हतं, कारण गेल्याचं कळलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाक-आगाने स्वतःचा हातमोजा काढून तिच्या हनुवटीखाली खोचला. "छातीशी दाबून धर. पडला की थांबायचं, उचलायचा, पुन्हा वरून." मोजा पहिल्याच उजव्या वळणाला पडला. दुसऱ्यालाही. येरनार बाजूने जाताना ओरडला, "ताते, कोंबडीने अंडं दिलं!" ग्लेब, तिच्याच तळावरचा अवाढव्य माणूस, ज्याच्या अंगावर लहान मुलं झाडावर चढावं तशी चढतात, तो मागून येऊन तिचा मोजा दर वेळी उचलून द्यायला लागला, तेव्हा पाक-आगाने त्याला हाकलून लावलं. दुपारपर्यंत तिची मान दगडासारखी झाली, मोजा थुंकीने ओला झाला, आणि दुपारच्या चहाआधी, सूर्य ढगात असताना, एकदा तो पडला नाही. एक वळण, दोन, तीन. बाहेरची स्की बर्फात रुतली आणि रुतून राहिली, आणि तिने खालून राउशानच्या पायाला, मांडीला, कमरेला असा काही उलट धक्का दिला की तिच्या तोंडून "अरे!" निघालं आणि मोजा पडला. पण ते तिला मिळालं होतं! ती मोजा न उचलता खाली येऊन पाक-आगासमोर उभी राहिली. "धरलं! तिने धरलं!" "कोणी?" "स्कीने!" म्हातारा आपल्या मिशीत हसला. त्याने डब्यातून गाजराची तिखट कोशिंबीर काढली, बायकोने केलेली, लसणाचा घमघमाट, आणि दोघांनी एकाच काट्याने खाल्ली. "पाक-आगा, पंचेचाळिसाव्या वर्षी हे जमतं का हो कुणाला?" "जमत नाही," तो म्हणाला. "पण तुला ते माहीत नव्हतं. खा." राउशानला इतका आनंद झाला होता की तोंडातला घास गिळवेना.

संध्याकाळी तालीम असायची, आणि तालमीत मास्तर लोक विद्यार्थी व्हायचे. वरच्या पायरीच्या परीक्षेत उमेदवाराला पाच जणांची रांग घेऊन खाली यावं लागतं, आणि ते पाच जण म्हणजे त्याचेच सोबती, नवशिक्याचं सोंग घेतलेले. या सोंगांची सगळ्यांना फार हौस. वर्षभर जे सोसलं त्याचा सूड तिथे घेतला जातो. ग्लेब घाबरट कारकून व्हायचा आणि "माझ्या बायकोला फोन करा" म्हणत बर्फात बसायचा. येरनार व्हायचा सर्वज्ञ पाहुणा, दुबईच्या छपराखालच्या बर्फावर शिकून आलेला, मास्तरलाच शिकवणारा. नियम एकच, आणि तो फार जुना: पडलेल्याने मास्तर जवळ येईपर्यंत उठायचं नाही. हात द्यायला येईल, समजावेल, रागावेल, तेव्हाच. एकदा कुणीतरी चहा उकळून निवेपर्यंत पडून राहिला होता म्हणतात. खालच्या पायरीवाल्यांनाही रांगेत घ्यायचे, माणसं कमी पडत म्हणून, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी राउशानच्या रांगेत अलुआने स्वतःहून नाव दिलं. "तुझी फळी?" राउशानने विचारलं. "स्की घालेन. विसरले नाही अजून." "आणि सोंग कसलं?" अलुआने डोळे मिचकावले. "ते उद्या."

परीक्षेच्या सकाळी सगळं डोंगरशिखर धुक्याच्या दुधात बुडालं होतं. प्रकाश असा सपाट की उंचवटा कुठला, खळगा कुठला कळेना. मोकळ्या उताराची परीक्षा आधी होती. राउशान वर एकटी उभी राहिली, खाली पाक-आगा आणि आणखी दोन परीक्षक ठिपक्यांसारखे. मान सरळ, ती स्वतःला सांगत होती, मान सरळ, मान सरळ, आणि त्या सांगण्यातच तिची मान ताठरली. पाच-सहा वळणं नीट गेली. मग कुठेतरी पायाखाली बर्फ कुरकुरला, आणि मान गेली. झटकन, माशीवर हात जावा तशी. तिने ती परत आणली, पण खांदा जाऊन आला होता, स्की जराशी घसरली होती, आणि खाली तीन वह्यांवर तीन पेन्सिली हलल्या. ती खाली आली तेव्हा पाक-आगा पेन्सिल कानामागे खोचत होता. "काठावर," दुसरा परीक्षक म्हणाला, परीक्षकांनी बोलू नये ते बोलला, बहुतेक दयेने. काठावर म्हणजे अजून बुडाली नव्हती. राहिली होती रांग. "ताते, रांग म्हणजे तुमच्या डाव्या हातचा मळ," येरनार म्हणाला, आणि या वेळी तो चेष्टा करत नव्हता. त्याचं मोकळ्या उतारावरचं काम सुरेख झालं होतं, आणि रांगेत तो कच्चा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "आम्हाला घेऊन या नीट खाली. जागा तुमचीच." खरंच होतं. रांग ती झोपेत आणू शकली असती. चिंता करायचं काही कारणच उरलं नव्हतं, आणि तिला नंतर वाटलं, त्या निर्धास्तपणानेच सगळा घोटाळा केला.

दोरावर टांगलेल्या पाळण्याच्या खुर्चीत ते वर जात असतानाच दूध फाटलं. आधी एक निळं भोक, मग फाटत फाटत सगळं आकाश. वर उतरले तर अख्खा उतार समोर पसरलेला, रात्री यंत्राने विंचरलेला, बारीक रेघारेघांचा, आणि त्याच्यावर ऊन असं पडलं होतं की डोळ्यांत पाणी आलं. या उतारावर राउशान मुलांना घेऊन कधी येत नव्हती, हा मोठ्यांचा. परीक्षक खाली वाट बघत होते. तिने पाच जणांना ओळीत लावलं. ग्लेब लगेच म्हणाला, "मॅडम, मला घरी जायचंय." येरनार म्हणाला, "दुबईत बर्फ जास्त मऊ असतो." आणखी दोन होते, एक जण बुटात पाय चावतोय म्हणत होता, एक आल्यापासून फोटो काढत होता. सगळ्यात शेवटी अलुआ, तोंड फुगवून, हातमोजे दोरीने गळ्यात बांधून, टोपी भुवयांपर्यंत. राउशानने तिला ओळखलं. पाच वर्षांची अलुआ आली होती. "चला," राउशान म्हणाली, तिचा शिकवण्याचा आवाज, गोड आणि पक्का. "माझ्या मागे. माझ्या रेघेवर. कुणी पुढे जायचं नाही. नांगर धरा." पहिलं वळण. मागे बघितलं, पाच. दुसरं. बघितलं, पाच. सगळं पुस्तकातल्यासारखं. उतार जरा तीव्र झाला, तिने वळण जरा लांबवलं, आणि मागून आवाज आला.

"आपा, बघ ना!"

बारीक, नाकातला, हुबेहूब. कुणीतरी हसलं. राउशानच्या मानेचा स्नायू उचलला गेला, तिला स्पष्ट जाणवलं, उजवीकडे, केसांच्या खाली, तो निघालाच होता. आणि त्याच क्षणी तिला कळलं की हे सोंग आहे. बावीस वर्षांची, स्वतःच्या पायावर उभी, परवापरवा आपल्यालाच शेवया वाढणारी बाई मागे आहे आणि ती पडणार नाही. ती थांबून बसणार नाही. तिचा चेहरा उजळायला आता कुणाच्या बघण्याची गरज नाही, तो मेला उजळलेलाच असतो. हाक मारणारं पोर केव्हाच मोठं होऊन निघून गेलं होतं, आणि ते बरं होतं, किती बरं होतं! तिची मान तिथल्या तिथे सैल पडली, आपणहून. मोजा नको, मान सरळ मान सरळ नको. डोळे खाली उतारावर गेले आणि तिथेच राहिले. डावी स्की बर्फात रुतली. धरलं. तिने धरलं आणि उलट ढकललं, आणि राउशान त्या ढकलण्याबरोबर दुसऱ्या धारेवर गेली, तिनेही धरलं. नांगर कधी मिटला तिला कळलं नाही. पायांखालच्या रेघा एकमेकींत मिसळून गुळगुळीत झाल्या. वारा टोपीत शिरला, टोपी मागे सरकली, जाऊ दे. "आपा!" कुठून तरी लांबून आलं, "आपा, बघ!" आणि ते तिच्या कानावरून पाण्यासारखं निघून गेलं. जिभेच्या टोकावर लोखंड आलं. आलं! तीच चव, तशीच, एक दिवसही न गेल्यासारखी. गुडघा दुखत होता, दुखू दे. डावं, उजवं, डावं, उजवं, आता उजवं कुठलं आणि डावं कुठलं हेही उरलं नव्हतं, एकच लांब श्वास होता आणि तो कुणी मध्ये तोडत नव्हतं. ती ओरडली. काय ओरडली ते तिला नंतरही सांगता आलं नाही. खालचे ठिपके माणसं झाले, माणसांना चष्मे आले, मिशा आल्या, आणि राउशानने दोन्ही स्की आडव्या घालून बर्फाची एक मोठी लाट पाक-आगाच्या विजारीवर उडवली आणि थांबली, हात पसरून, धापा टाकत, हसत.

पाक-आगाने विजारीवरचा बर्फ झटकला. मग काठीने वर दाखवलं. राउशानने वळून बघितलं. वर, मध्यावर, उजळलेल्या उतारावर पाच माणसं पडली होती. ग्लेब मांडी घालून बसला होता. येरनार पालथा, गालाखाली हात घेऊन. बाकीचे इकडे तिकडे. नियमाप्रमाणे सगळे मास्तरची वाट बघत होते. मास्तर खाली होता.

"राउशान," पाक-आगा अगदी हळू म्हणाला, "वर उतारावर कोणी नव्हतं तेव्हा तू मागे बघितलंस. आणि पाच माणसं होती तेव्हा नाही बघितलंस." "हो," राउशान म्हणाली. "रांगेत नापास केल्याशिवाय मला गत्यंतर नाही." "हो." "जागा त्या पोराला जाईल." "जाऊ दे हो. जाईल." तिचा आवाज फाटला. वाईट वाटत होतं, तिला लपवायचं नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात पट्ट्याजवळ उभी असलेली राउशान तिला लख्ख दिसत होती, बुटांचे पट्टे, शेंबडी नाकं, साहेबांचं तेच वाक्य. तिला फार वाईट वाटत होतं आणि तिचे पाय आनंदाने थरथरत होते, आणि दोन्ही एकाच अंगात कसं मावतंय याचं तिला नवल वाटत होतं. म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "एवढ्या वर्षांच्या नोकरीत," तो म्हणाला, "माझी विजार कुणी भिजवली नव्हती."

वर हालचाल झाली. नियम मोडून एक जण उठली होती. टोपी वर ढकलून, गळ्यातले मोजे वाऱ्यावर उडवत अलुआ सरळ खाली सुटली, सोंग नाही, नांगर नाही, आणि येऊन आईवर इतक्या जोरात आदळली की दोघी बर्फात बसल्या. "माफ कर गं," राउशान म्हणत होती, "तू हाक मारत होतीस, मी ऐकलं, ऐकलं मी, पण..." अलुआ तिला बोलूच देईना. तिचे डोळे मोठे झाले होते, ती पुन्हा पुन्हा आईच्या जाकिटाची बाही ओढत होती. "आपा, तू अशी स्की करतेस? अशी?"

"तू काय पहिल्यांदा बघतेस? सगळं लहानपण माझ्या मागे गेलं तुझं."

"हो ना. पण दर वेळी तू वळायचीस. मला तुझा चेहराच दिसायचा गं." अलुआने उभं राहून तिला हात दिला. वरून ग्लेब केविलवाण्या आवाजात बायकोला फोन करा म्हणून ओरडत होता. "चल ना पुन्हा वर. मी शेवटी राहते."

राउशान उठली आणि तिने टोपी काढून खिशात घातली.